हैदराबादची भिंत

ज्या वस्तूला स्वतःचा हात लागलेला नाही ती वस्तू या जगात नाहीच, असं मनापासून मानणारा एकच माणूस मला आजवर भेटला, आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना मामाजी म्हणतो. लग्न ठरत होतं तेव्हा बाकीच्या नातेवाइकांनी माझं शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, घर स्वतःचं की भाड्याचं तेही विचारलं. मामाजींनी काहीच विचारलं नाही. माझा उजवा तळवा दोन्ही हातांत धरून ते बराच वेळ दाबत बसले आणि मग सासऱ्यांना म्हणाले, "चालते. हात कोरडा आहे." या परीक्षेत मी नक्की कशात पास झालो हे मला अजून कळलेलं नाही. एसटीत चढण्याआधी ते गाडीच्या पत्र्यावर थाप मारून पाहतात. कुलूप लावलं की तीनदा ओढतात, चार पावलं चालून जातात आणि परत येऊन चौथ्यांदा ओढतात. दवाखान्यात डॉक्टरांनी त्यांचं मनगट धरलं की तेही दुसऱ्या हातानं डॉक्टरांचं मनगट धरतात. पुण्याची नात व्हिडिओ कॉलवर दिसली की तिच्या गालावरून हात फिरवायला जातात, बोट भलत्या ठिकाणी पडतं आणि कॉल बंद होतो. नातीनं आता सवय करून घेतली आहे. आजोबांचा हात पुढे आला की ती आधीच टाटा करते.

मोहाडीला, गावाबाहेर पडणाऱ्या रस्त्यावर, मामाजींची राईस मिल आहे. मोठ्या मिल धान विकत घेतात, भरडतात आणि तांदूळ ट्रकनं पाठवतात. मामाजींच्या मिलमध्येही ते चालतं, पण त्यांचा जीव त्यात नाही. त्यांचा जीव आहे तो घरचं खायचं धान भरडायला आणणाऱ्या कास्तकारांत. ज्याचं धान त्यालाच त्याचा तांदूळ, एक दाणा इकडचा तिकडे नाही, ही त्या मिलची ख्याती. कोणी आपल्या बांधीतला, म्हणजे धानाच्या शेतातला, वासाचा चिन्नोर घेऊन येतो, कोणी लुचई, कोणी नुसता जाडा; आणि प्रत्येकाला आपल्याच बांधीची चव परत हवी असते. बाकीचे मिलवाले पोत्यांवर खडूनं नाव घालतात. मामाजींना खडू मान्य नाही, कारण खडू पुसला जातो. त्यांची रीत वेगळी. प्रत्येक घरानं आपल्या पोत्याचं तोंड बांधायला घरातल्या जुन्या लुगड्याची चिंधी आणायची. ज्या घराचं लुगडं त्या घराचं पोतं. दोनशेच्या वर घरं आणि तितक्याच चिंध्या, आणि कोणती कोणाची हे सगळं मामाजींच्या डोक्यात. चिंधीवर भागत नाही म्हणून पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर दाणे काढायचे, एक दाताखाली फोडायचा आणि सांगायचं, "हे पारबताबाईचं. तळ्याखालच्या बांधीतलं." ते कधी चुकले असं कोणाला आठवत नाही.

माझा धंदा असा की मामाजींचं आणि माझं पटायचं काही कारणच नव्हतं. मी भंडाऱ्याला बसतो आणि दुकानदारांना, मिलवाल्यांना कारभाराचं सॉफ्टवेअर बसवून देतो. माल किती आला, कुठं ठेवला, कोणत्या मशीनचा पट्टा कधी बदलला, कोणता मजूर कामावर आला, हे सगळं एका पडद्यावर दिसतं असं सांगून मी पोट भरतो. मामाजींचा मुलगा माझ्याच वयाचा, मिलचं रोजचं काम तोच पाहतो, आणि त्यालाही हे हवं होतं. प्रश्न एवढाच होता की हे सॉफ्टवेअर राहणार कुठं. एक, मिलमध्येच मोठा कॉम्प्युटर ठेवायचा आणि सगळं त्याच्या पोटात. दोन, क्लाउडवर, म्हणजे कोणत्या तरी कंपनीच्या कुठल्या तरी शहरातल्या मशीनवर, आणि आपण फोनवरून पाहायचं. मुलाला क्लाउड हवं होतं. मामाजींनी मला एकच प्रश्न विचारला, "त्याले हात कुठं लावाचा?" मी म्हणालो, हात लावता येत नाही. विषय संपला. मिलमध्येच कॉम्प्युटर आला.

तो कॉम्प्युटर आला त्या दिवशी मामाजींनी त्याच्यावर दोन्ही हात ठेवले, गरम लागतो म्हणून समाधानानं मान हलवली आणि दुसऱ्याच दिवशी लोहाराकडून त्याला लोखंडी जाळीचा पिंजरा करवून घेतला. धूळ आणि कोंडा जाऊ नये म्हणून पिंजऱ्यावर ओढायला आजींच्या, म्हणजे मामाजींच्या आईच्या, लुगड्याचा पडदा आला. पिंजऱ्याची किल्ली मामाजींच्या करदोट्याला. सकाळी ते किल्ली काढायचे, मुलगा आत हात घालून मशीन सुरू करायचा, मामाजी परत कुलूप लावून चारदा ओढायचे. पुढे ते एका लग्नाला साकोलीकडे गेले आणि किल्ली करदोट्यासकट लग्नाला गेली. मिलच्या दारात तांदळाचे दोन ट्रक उभे, गेटपास निघेना. मुलानं फोन केला तर मामाजी पंगतीत. जेवण सोडून उठणं त्यांच्या नियमात बसत नव्हतं, आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती देणं त्याहून बसत नव्हतं. मठ्ठ्यापर्यंत सावकाश जेवून ते दुपारच्या एसटीनं आले, तोवर ट्रकवाले पिंजऱ्यासमोर पत्ते खेळत बसले होते. वर मामाजी मलाच म्हणाले, "पाहा जवाईबापू, घरचं आहे म्हणून थांबलं. दुसऱ्याच्या घरी असतं तर त्यानं थांबवलं असतं का?" 

गंमत म्हणजे त्या पिंजऱ्यातल्या मशीनमध्ये ट्रकचं सगळं होतं, मजुरांचं होतं, मशीनच्या पट्ट्यांचं होतं. कास्तकारांच्या पोत्यांचं मात्र एक अक्षर नव्हतं. मी मागितलं की मामाजी कपाळावर टिचकी मारायचे. "ते इथं आहे. याले ना लाईट लागत, ना पिंजरा." आणि खरंच लागत नव्हतं. उन्हाळ्यात मशीन तापून दोनदा बसलं, कोंड्यानं त्याचा पंखा जाम झाला, एकदा उंदरानं वायर कुरतडली. मामाजींचं डोकं एकदाही बसलं नाही. मी मनातल्या मनात कबूलही केलं होतं की मोहाडीच्या त्या मिलमध्ये सगळ्यात भरवशाचं मशीन तेच आहे.

म्हणूनच पुढं जे झालं त्याचं मला आजही वाईट वाटतं, आणि त्यात माझा हात होता याचं जास्त. धान निघाल्यानंतरचे दिवस, मिलमध्ये गर्दी. पिंजऱ्यातलं मशीन फार त्रास द्यायला लागलं म्हणून मुलाच्या आग्रहावरून मी मामाजींना समोर बसवून क्लाउड पुन्हा समजावून सांगत होतो. मिलमधलं मशीन म्हणजे आपलं, इंटरनेट गेलं तरी चालतं, पण त्याची निगा आपणच राखायची, बिघडलं तर सगळं त्याच्याबरोबर. क्लाउड म्हणजे निगा दुसऱ्याची, नकला दोन-तीन ठिकाणी, पण इंटरनेट गेलं की हात बांधलेले. मी वहीत दोन रकाने काढून आणले होते आणि मामाजी नेहमीपेक्षा शांतपणे ऐकत होते. तेवढ्यात एका घरचा माणूस तांदूळ न्यायला आला. त्यांच्या घरी तेरवी होती, त्याला घाई होती. मामाजींनी खुर्चीतूनच बोट दाखवलं, "जांभळी चिंधी, कोपऱ्यातली." ते उठले नाहीत. पोत्यात हात घातला नाही. आणि माझ्या वहीकडं वळून म्हणाले, "हं, पुढं सांगा."

कोपऱ्यातलं जांभळ्या चिंधीचं पोतं पारबताबाईंचं होतं. पारबताबाई म्हणजे तळ्याखालच्या गावातली एकटी राहणारी बाई. अर्धा एकर चिन्नोर फक्त बाळंतीण लेकीसाठी लावते. तेरवीच्या घरचं जाड्या तांदळाचं पोतं पलीकडं होतं, आणि त्याचीही चिंधी जांभळीच होती, कारण दोन्ही घरांना एकाच लग्नात एकसारखं लुगडं आहेरात आलेलं आणि दोन्ही घरी ते एकाच वर्षात विटलेलं. आहेराची लुगडी अशीच असतात. चार दिवसांनी पारबताबाई आल्या तोवर त्यांचा चिन्नोर तेरवीच्या पंगतीत गावानं जेवून टाकला होता. लोक म्हणे हात धुतल्यावरही वास घेत होते. पारबताबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "मी पोतं टाकाले आली तेव्हाच बोलली होती जी तुमाले. या वर्षी आमच्या दोन्ही घरची चिंधी एकच आहे, ध्यानात ठेवजा. तुमी म्हनलं, ध्यानात आहे."

मुलानं मला कोपरानं खुणावलं. त्याला आठवत होतं, त्यानं ते बोलणं ऐकलं होतं. मामाजी मात्र पारबताबाईंच्या तोंडाकडं पाहत राहिले, आणि मला त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की विसरलो असंही त्यांना वाटत नव्हतं. ते बोलणं त्यांच्याकरता झालंच नव्हतं. त्यांनी घरच्या खाण्याचा सगळा चिन्नोर पारबताबाईंच्या बैलबंडीत चढवला, स्वतः चढवला. मग आत येऊन पिंजऱ्याशेजारी बसले आणि मला म्हणाले, "जवाईबापू, मह्या डोक्यातलं बाहेर काढा. आहे तोवर काढा."

ते काढायला अकरा दिवस लागले. मी भंडाऱ्याहून रोज जात होतो. सॉफ्टवेअरमध्ये मी 'चिंधीचा रंग' असा रकाना तयार केला; कंपनीचा इंजिनिअर फोनवर म्हणाला, सर, हा रकाना चुकून पडला का? मी म्हणालो, सगळं सॉफ्टवेअर याच्याचसाठी आहे. मामाजी सांगायचे, मी टाईप करायचो. पिवळी चिंधी, काठ हिरवा, मोठ्या सुनेचं लुगडं, पण सून माहेरी जाऊन बसली आहे, पुढल्या वर्षी रंग बदलन. निळी, या घरचा म्हातारा तांदळात तुकडा चालवून घेत नाही, पोरगा चालवून घेते, म्हातारा आला तर चाळून देजा. शेऱ्याच्या रकान्यात अडीचशे अक्षरं मावतात आणि मामाजींचं एकेक घर हजारात जाई. मी कंपनीच्या मागे लागून रकाना वाढवून घेतला. कधी कधी एखाद्या रंगापाशी ते थबकायचे. डोळे मिटून हात पुढे करायचे, बोटं चिंधी चोळल्यासारखी हलायची, आणि मग नाव यायचं. दोन नावं आलीच नाहीत. ती जागा रिकामी ठेवा, असं त्यांनी सांगितलं, आणि ती अजून रिकामी आहे.

आता हे सगळं ठेवायचं कुठं? मला वाटलं होतं, ते पिंजऱ्यातच ठेवा म्हणतील. पण मामाजींचा विचार आमच्यापुढं गेला होता. ते म्हणाले, मह्या डोक्यात होतं तेव्हा एकाच जागी होतं, म्हणून बुडालं. पिंजऱ्यात ठेवलं तर पुन्हा एकाच जागी. मी एवढे दिवस जे रकाने काढून सांगत होतो ते त्यांना एका चुकीनं समजलं होतं. फक्त एक अट होती. जागा पाहून यायची. मी कंपनीला विचारलं, माहिती कोणत्या शहरात असते; ते म्हणाले हैदराबाद, पण आत कोणालाही सोडत नाहीत. मामाजी म्हणाले, आत जाचं कोणाले आहे, पाहाचं आहे. असे आम्ही दोघं नागपूरहून गाडीनं हैदराबादला गेलो, सोबत दोन दिवसांचा डबा आणि पाच किलो तांदूळ, कारण रिकाम्या हातानं कोणाच्या दारात जायचं नसतं.

इमारत मोठी होती, खिडक्या नसलेली, नावाची पाटी नसलेली. खरं सांगतो, ती आमचीच इमारत होती याची मला खात्री नव्हती. पत्ता मी चार ठिकाणी विचारून जुळवला होता, आणि हे मी मामाजींना तेव्हाही सांगितलं नाही आणि नंतरही नाही. गेटवरच्या चौकीदारानं हिंदीत हटकलं, मामाजींनी त्यांच्या हिंदीत उत्तर दिलं, आणि ते हिंदी ऐकताच चौकीदार हसायला लागला. तो लाखांदूर तालुक्यातला निघाला, संपत नावाचा. आमच्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं कामाला हैदराबादकडं जातात, त्यातला एक. मामाजींनी त्याला विचारलं, आत काय आहे. संपत म्हणाला, "मलेही माईत नाही जी. तीन वर्ष झाले, मलेच आत सोडत नाहीत." हे ऐकून मामाजींचा चेहरा उजळला. माझ्याकडं वळून म्हणाले, "पाहा. चौकीदारालेच सोडत नाही म्हणजे बंदोबस्त पक्का आहे." कंपनीच्या सगळ्या माहितीपत्रकांनी जे पटवलं नसतं ते त्यांना नकारानं पटलं. मग ते कंपाउंडच्या भिंतीपाशी गेले आणि तळवा तिच्यावर टेकवून उभे राहिले, चांगली पाच मिनिटं. संपत आणि मी उन्हात उभे होतो. तांदूळ त्यांनी संपतला दिला, त्याचा नंबर घेतला, आणि परतीच्या गाडीत पहिल्यांदाच त्यांनी पेटीचं कुलूप एकदाच ओढून पाहिलं.

तेव्हापासून दर रविवारी सकाळी दहा वाजता मामाजी संपतला फोन करतात. प्रश्न ठरलेलेच. भिंत आहे ना? आणि, जेवला का? मोहाडीत इंटरनेट गेलं की मुलगा कंपनीला फोन करतो आणि मामाजी संपतला, आणि मला कधी कधी वाटतं की मामाजींनाच उत्तर लवकर मिळतं. सॉफ्टवेअर चांगलं चाललं आहे. मुलगा फोनवर चिंधीचा फोटो काढतो, घर निघतं, शेरा निघतो. पोत्यात हात घालायची रीत मात्र मामाजींनी सोडलेली नाही. फक्त आता दाणा फोडून झाला की ते मुलाकडं पाहतात. मागल्या हंगामात मी तिथं असताना मुलानं त्यांना एक शेरा वाचून दाखवला: या घरची म्हातारी तांदूळ परत मोजते, तिले मोजू देजा, घाई करू नका, तिचा पोरगा गेल्यापासून ती सगळंच मोजते. मामाजींनी तो लक्ष देऊन ऐकला. मग विचारलं, "कोणी लिवलं हे?" मुलगा माझ्याकडं पाहू लागला. मामाजी म्हणाले, "बराबर लिवलं. समजदार माणूस आहे." मी बाहेर जाऊन नळावर तोंड धुतलं.

गेल्या महिन्यात एका खताच्या दुकानाच्या कामासाठी मी लाखांदूरला गेलो होतो. रविवार होता, दुकानदार यायला वेळ होता, म्हणून एसटी स्टँडसमोर चहा प्यायला थांबलो तर शेजारच्या बाकड्यावर संपत. मी विचारलं, सुट्टीवर का? तो म्हणाला, सुट्टी कसली, पोळ्याच्या आधीच नोकरी सोडली, बाप थकला, आता घरची बांधी पाहतो. मी कप खाली ठेवला. पोळा होऊन कितीतरी रविवार गेले होते, आणि त्यातला एकही मामाजींनी चुकवला नव्हता. मी त्याला त्याबद्दल विचारणार तोच त्याच्या खिशात फोन वाजला. दहा वाजले होते. संपतनं माझ्याकडं पाहिलं, कानाला न लावता फोन बाकड्यावर ठेवला आणि बटण दाबलं. मामाजींचा आवाज आला, जरा लांबून आल्यासारखा. "संपत, भिंत आहे ना बा?"

संपत म्हणाला, "आहे जी. आताच हात लावून पाह्यली."

"गरम आहे?"

"गरम आहे जी. चांगली गरम आहे."

मग जेवला का झालं, जेवलो जी झालं, आणि फोन बंद झाला. संपत थोडा ओशाळून म्हणाला, "नोकरी सोडली ते मी सांगतलं होतं त्यायले. दोनदा सांगतलं. दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच विचारत. मंग म्या म्हनलं, कायले सांगाचं?" त्याच्या चहाचे पैसे मी देतो म्हणालो, तर त्यानं देऊ दिले नाहीत. उठताना त्यानं फोन शर्टाला पुसून परत खिशात ठेवला आणि सांगितलं की रविवारी दहाला तो बांधीत असला तरी धुऱ्याच्या उंच बांधावर येऊन बसतो, कारण खाली रेंज मिळत नाही.